विजेट आपलं, पान दुसऱ्याचं: सीएसएसचे नियम आपसात भांडतात तेव्हा काय करता?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशिलाशिवाय उत्तर देणं तुम्हालाही अवघड जाईल, म्हणून सगळंच लिहितो.

आमचा स्वयंसेवकांचा गट छोट्या सार्वजनिक वाचनालयांसाठी एक विजेट चालवतो. त्यात नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची यादी आणि शोधपेटी आहे, फिरत्या वाचनालयाच्या गाडीचे थांबे दाखवणारा नकाशा आहे (लीफलेट ही नकाशा दाखवणारी लायब्ररी आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा), आणि वर्गणी भरायचा अर्ज आहे. वाचनालयाने आपल्या पानात एक डिव्ह आणि स्क्रिप्टची एक ओळ टाकायची, बाकी काम आमच्याकडे.

घोटाळा असा की प्रत्येक वाचनालयाची साइट वेगळ्या हातची, आणि पान कसं दिसेल ते ठरवणारे तिचे सीएसएसचे नियमही वेगळे. एक जुन्या बूटस्ट्रॅप ३ या तयार सीएसएस संचावर आहे. तिथे आमचा मजकूर इतका बारीक होतो की वाचताच येत नाही. दुसरी वर्डप्रेसवर, विकतच्या थीममध्ये. तिथे शीर्षकांना अक्षरांमध्ये दोन पिक्सेलचं अंतर दिलंय, त्यामुळे पुस्तकांच्या नावांची शिरोरेघ तुटते, आणि ओळींची उंची १.१ असल्याने मात्रा-उकार वरखालच्या ओळींत घुसतात. तिसरी टेलविंड या दुसऱ्या तयार संचावर. तिथे यादीचे ठिपके गेले, शीर्षकं साध्या मजकुराएवढी झाली, आणि मुखपृष्ठं कुठे उंच तर कुठे बुटकी दिसू लागली. नकाशा तर सगळीकडेच वात आणतो. पान सरकवलं की वर चिकटून राहणाऱ्या मेनूच्या डोक्यावर जाऊन बसतो.

उलट दिशेनेही गळती आहे. आमच्या फाइलीतला टेबलचा नियम वाचनालयाच्या वेळापत्रकाला लागतो आणि ‘ॲक्टिव्ह’ या क्लासमुळे त्यांच्या मेनूचा रंग बदलतो.

मला हवंय ते असं: वाचनालयाच्या माणसाला स्वतःच्या साइटमध्ये काहीही बदलावं लागू नये. वाचकांपैकी बरेच जण स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवरून येतात. आयफ्रेम (पानात बसवलेलं वेगळं पान) वापरू, शॅडो डॉम (त्याच पानातला, पण सीएसएससाठी वेगळा कप्पा) वापरू, की सगळ्या क्लासना उपसर्ग लावून प्रत्येक नियमापुढे इम्पॉर्टंट (हा नियम साध्या नियमांवर मात करतो अशी खूण) लिहू?

---

अडकित्ता

आमच्या ऑफिसात तिसरा मार्गच चालतो. विजेटच्या बाहेरच्या डिव्हला एक वेगळी आयडी द्यायची, प्रत्येक नियम त्या आयडीपासून सुरू करायचा, आणि जिथे हट्टी थीम भेटेल तिथे इम्पॉर्टंट. कमी वेळात काम होतं आणि जुन्या ब्राउझरमध्येही चालतं. शॅडो डॉम वगैरे मोठ्या प्रॉडक्टवाल्यांसाठी ठीक आहे.

---

घाटमाथा

अडकित्ता, हा मार्ग चालतो, पण कुठे थांबेल ते सांगता येत नाही. मला वाटतं नदीकाठ यांनी उपाय निवडण्याआधी तक्रारींची वर्गवारी करावी. वरच्या सगळ्या तक्रारी एका जातीच्या नाहीत.

पहिली जात थेट नेम धरणाऱ्या नियमांची. समजा थीममध्ये नियम आहे: आयडी ‘कंटेंट’, तिच्या आत क्लास ‘एंट्री’, त्यात टेबल, त्यात टीडी. याचं वजन १-१-२ (अनुक्रमे आयडी, क्लास आणि टॅग किती ते). तुमचा नियम: क्लास ‘यादी’, त्यात टीडी. वजन ०-१-१. तुमची फाइल नंतर लोड झाली तरी फरक पडत नाही, कारण क्रम बघायची वेळ वजन सारखं असेल तेव्हाच येते. एका आयडीपुढे कितीही क्लास उभे केले तरी आयडीच जिंकते, हेही लक्षात घ्या. ठिपके जाणं, मुखपृष्ठं लहानमोठी होणं, टेबल बिघडणं हे सगळं या जातीचं. मुखपृष्ठांची उंची तुम्ही बहुतेक एचटीएमएलमध्ये अ‍ॅट्रिब्यूट म्हणून दिली असेल. अशा अ‍ॅट्रिब्यूटला सीएसएसमधला अगदी हलका नियमही मागे टाकतो, आणि टेलविंडच्या सुरुवातीच्या सफाईत चित्रांना ‘हाइट: ऑटो’ लावलेलं असतं.

दुसरी जात वारशाने येणाऱ्या गुणांची. अक्षराचा रंग, फॉन्ट, आकार, ओळीची उंची, अक्षरांतलं अंतर, मजकूर डावी-उजवीकडे लावणं. इथे कुणीही तुमच्या एलिमेंटवर नेम धरलेला नसतो. बॉडीवर काही लिहिलं की ते पिढ्यान्‌पिढ्या खाली झिरपत येतं. मार्जिन, पॅडिंग, बॉर्डर असे झिरपत नाहीत.

तिसरी जात सामायिक मोजमापांची आणि नावांची. बूटस्ट्रॅप ३ एचटीएमएल एलिमेंटला १० पिक्सेल आकार देतं. तुम्ही मापं रेममध्ये लिहिली असणार. रेम म्हणजे पानाच्या मुळाचा आकार, त्यामुळे तुमचे १६ पिक्सेल तिथे १० होतात. झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा), ॲनिमेशनची नावं, फॉन्टची नावं, ‘ॲक्टिव्ह’सारखे क्लास हे सगळं याच खात्यात जमा होतं.

आयडी आणि इम्पॉर्टंट पहिल्या जातीवर उतारा आहे. दुसरीवर अर्धवट चालतो, कारण प्रत्येक गुण आठवून आठवून परत लिहावा लागतो. तिसरीवर चालतच नाही. शिवाय थीमवाल्यानेही इम्पॉर्टंट लिहिलं असेल तर परत वजनाचीच तुलना होते, म्हणजे आपण फिरून जागच्या जागी. आणि एका वाचनालयाने उद्या म्हटलं की आमच्या साइटचा रंग लावा, तर तुमचेच इम्पॉर्टंट तोडत बसावे लागतील.

---

कोरी पाटी

लेयर (सीएसएसचे नियम थरांत वाटायची सोय) का नको? ‘अ‍ॅट लेयर’ २०२२ च्या सुरुवातीला क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही आलं. विजेटचं सगळं सीएसएस एका लेयरमध्ये टाकलं तर वजनाची मारामारीच संपेल ना?

---

घाटमाथा

कोरी पाटी, इथे दिशा उलटी आहे. लेयरमधल्या साध्या नियमांपेक्षा लेयरबाहेरचे नियम वरचढ ठरतात. वाचनालयांच्या थीम लेयरमध्ये नाहीत. म्हणजे तुम्ही स्वतःला लेयरमध्ये घातलंत तर थीममधला नुसता ‘टीडी’ एवढा नियमही तुमच्या आयडीवाल्या नियमाला हरवेल, कारण वजनाच्या आधी लेयर तपासला जातो.

इम्पॉर्टंट लावलं की हा क्रम बरोब्बर उलटतो: लेयरमधला इम्पॉर्टंट लेयरबाहेरच्या इम्पॉर्टंटवर मात करतो. त्याचा फायदा घेऊन सगळं विजेट इम्पॉर्टंटने भरता येईल, पण मग इनलाइन स्टाइलने काही हलवणाऱ्या स्क्रिप्ट अडकतात. लीफलेट नेमकं तेच करतं, नकाशाचे तुकडे इनलाइन स्टाइलने जागेवर ठेवतं.

लेयरचा खरा उपयोग यजमानाला. ज्याची साइट आहे त्याने थीमची फाइल इम्पोर्ट करतानाच लेयरमध्ये घेतली, की बाहेरून आलेली सगळी विजेट आपोआप मोकळी होतात. पण वाचनालयाच्या माणसाला हात लावायला सांगायचं नाही ही इथली अट आहे, आणि मला ती अट अगदी योग्य वाटते.

---

सुपारी

‘अ‍ॅट स्कोप’चंही तेच. नियम पानाच्या एका भागापुरते ठेवायची ही सोय क्रोम ११८ पासून आहे, २०२३ सालची. तुमचे नियम बाहेर गळू नयेत यासाठी छान, पण बाहेरचे आत यायचे थांबत नाहीत. जुन्या फोनचा विचार करता मी अजून त्यावर विसंबणार नाही.

---

पाणवठा

मी आयफ्रेमची बाजू मांडतो, निदान अर्जापुरती तरी.

आयफ्रेम म्हणजे वेगळं डॉक्युमेंट. वजन, वारसा, रेम, नावं, सगळंच वेगळं. घाटमाथा यांच्या तिन्ही जाती एका फटक्यात संपतात. मीडिया क्वेरीसुद्धा आयफ्रेमच्या रुंदीवर चालतात, त्यामुळे विजेट बाजूच्या अरुंद पट्टीत टाकलं तरी मोबाइलची मांडणी आपोआप लागते.

पण वर्गणीच्या अर्जासाठी कारण दिसण्याचं नाहीच. विजेट पानातच असेल, मग ते शॅडो डॉममध्ये का असेना, त्या पानावरची कुठलीही स्क्रिप्ट अर्जात भरलेली माहिती वाचू शकते. शॅडो ‘क्लोज्ड’ ठेवला तरी ती सुरक्षेची भिंत नव्हे. वेगळ्या ओरिजिनवरच्या (वेगळ्या पत्त्याच्या साइटवरच्या) आयफ्रेममध्ये ब्राउझरच ती वाट बंद करतो. सभासदाचा फोन नंबर आणि पैशाचा व्यवहार जिथे आहे तिथे यात तडजोड करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

त्रास उंचीचा. काहीच सांगितलं नाही तर आयफ्रेम ३०० बाय १५० पिक्सेलची येते. आत ‘रिसाइझ ऑब्झर्व्हर’ लावून मजकुराची उंची मोजायची, ‘पोस्ट मेसेज’ने बाहेर पाठवायची, बाहेरच्या तुमच्या स्क्रिप्टने ती आयफ्रेमला लावायची. निरोप कुठल्या ओरिजिनवरून आला ते बाहेर तपासा, आणि पाठवतानाही तारांकन न टाकता नेमका पत्ता द्या. उंची लावताना इनलाइन स्टाइलमध्ये इम्पॉर्टंटसकट लावा, कारण आयफ्रेमचा टॅग शेवटी यजमानाच्या पानातच असतो आणि काही थीम पानातल्या प्रत्येक आयफ्रेमला व्हिडिओ समजून १६:९ च्या चौकटीत कोंबतात.

यादीसाठी मात्र मी आयफ्रेम वापरणार नाही. शोधपेटीखाली उघडणाऱ्या सूचना चौकटीच्या कडेला कापल्या जातात, आणि हलक्या फोनवर एकेक आयफ्रेम म्हणजे एकेक अख्खं पान उभं करणं.

---

घाटमाथा

पाणवठा यांच्याशी शंभर टक्के सहमत. अर्ज आयफ्रेममध्ये, यादी आणि नकाशा शॅडो डॉममध्ये. क्रोम ५३ आणि सफारी १० मध्ये हे २०१६ ला आलं, फायरफॉक्स ६३ मध्ये २०१८ ला. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये आता अडायचं कारण नाही.

पण शॅडो डॉम म्हणजे बंद खोली असा समज करून घेऊ नका. काय अडतं आणि काय आत येतं ते नीट बघा.

अडतात ते सिलेक्टर (नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग), दोन्ही दिशांनी. थीमची ‘टीडी’ तुमच्या टीडीला शिवत नाही, तुमची त्यांच्या वेळापत्रकाला शिवत नाही. ॲनिमेशनची नावंही आतल्या आत राहतात.

वारसा मात्र आत येतो. ज्या डिव्हला तुम्ही शॅडो जोडलाय तो पानाचाच नागरिक आहे. त्याला बॉडीचा फॉन्ट, अंतर, ओळीची उंची मिळते आणि तिथून ती आत उतरते. थीमने तारांकनाच्या सिलेक्टरने सगळ्यांना अंतर दिलं असेल तर ते त्या डिव्हला लागतं आणि मग वारशाने आत. म्हणून शॅडोच्या आत पहिलं एक वेष्टन ठेवा आणि त्यावर ‘ऑल: इनिशियल’ लिहा, त्यापुढे ‘डिस्प्ले: ब्लॉक’ (इनिशियलमुळे डिस्प्ले इनलाइन होतो, बरेच जण इथे चक्रावतात). हे ‘होस्ट’ सिलेक्टरवर (म्हणजे शॅडो जोडलेल्या बाहेरच्या डिव्हवर) लिहून भागत नाही, कारण साध्या नियमांमध्ये होस्टच्या बाबतीत बाहेरचं पान जिंकतं. आतलं वेष्टन बाहेरून कुणालाच दिसत नाही, तिथे तुमचाच शब्द चालतो.

रेमचं काय? शॅडोमध्येही रेम पानाच्या मुळावरूनच मोजतात, म्हणजे बूटस्ट्रॅपच्या साइटवर अक्षर बारीकच राहील. पिक्सेल लिहिले तर ज्या आजोबांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं करून ठेवलंय त्यांचं ऐकलं जात नाही. उपाय सरळ आहे. ‘ऑल: इनिशियल’ने फॉन्ट-साइझ ‘मीडियम’ होते. मीडियम म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये ठेवलेला मूळ आकार, पानाने एचटीएमएलवर काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. तिथून खाली सगळी मापं ‘एम’मध्ये (त्या जागच्या अक्षराच्या आकारावरून मोजणारं एकक) लिहा. थीमच्या खोड्यांपासून सुटका आणि वाचकाच्या सोयीचा मान, दोन्ही साधतं.

‘ऑल’ तीन गोष्टींना हात लावत नाही: मजकुराची दिशा, ‘युनिकोड-बिडी’ आणि कस्टम प्रॉपर्टी. यातली तिसरी तुमच्या कामाची. वाचनालयाला रंग बदलायचा असेल तर त्याने त्या डिव्हवर तुमच्या नावाचा उपसर्ग लावलेलं एक व्हेरिएबल लिहायचं, ते सीमा ओलांडून आत पोचतं. मोजकीच व्हेरिएबल उघडी ठेवा. जे उघडं केलं ते पुढे कायम सांभाळावं लागतं.

शेवटचं, फॉन्ट. ‘अ‍ॅट फॉन्ट-फेस’ शॅडोच्या आत लिहून चालत नाही, ते मुख्य डॉक्युमेंटमध्ये टाकावं लागतं. तिथे फॉन्टला स्वतःचं वेगळं नाव द्या. नुसतं ‘मुक्ता’ लिहिलंत आणि यजमानाकडेही मुक्ताची दुसरी फाइल असेल तर ब्राउझर दोन्हींना एकच कुटुंब समजतो, आणि त्यांच्या शीर्षकांना तुमची फाइल लागायची वेळ येते.

---

अक्षरवेल

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर देवनागरीपुरतं सविस्तर लिहिते. इंग्रजी साइटसाठी बनवलेल्या थीम आपल्या लिपीवर जे करतात ते बघून जीव तळमळतो, आणि विजेट करणाऱ्यांनी हे आपल्यापुरतं तरी थांबवावं असं मनापासून वाटतं.

अक्षरांतलं अंतर: देवनागरीत ते शून्यच हवं. रोमन मोठ्या अक्षरांना दोन पिक्सेल मोकळे दिले की ती ऐसपैस दिसतात, ‘ग्रंथालय’ला दिले की शिरोरेघेचे तुकडे पडतात. ‘ऑल: इनिशियल’ने हे ‘नॉर्मल’वर येतं, तरी आतल्या शीर्षकांवर कुणी हौसेने परत घालणार नाही याकडे लक्ष ठेवा.

ओळीची उंची: इनिशियलने ‘नॉर्मल’ मिळते आणि ती फॉन्टगणिक बदलते. वेष्टनावर स्वतः १.६ च्या आसपास लिहा, आणि एकक न लावता लिहा. एकक लावलं तर वेष्टनावर निघालेली पक्की उंची वारशाने जाते आणि मोठ्या शीर्षकांच्या ओळी एकमेकींवर चढतात. शीर्षकांनाही १.३ च्या खाली नेऊ नका. ‘र्तृ’ किंवा ‘ष्ट्रू’ असलेलं नाव घालून बघा, लगेच कळतं.

फॉन्टची यादी: ‘ऑल: इनिशियल’ने फॉन्टही ब्राउझरच्या मुळावर जातो, म्हणजे बहुतेक ठिकाणी टाइम्ससारखा सेरिफ, आणि देवनागरीसाठी यंत्रात जे असेल ते. म्हणून यादी स्वतः द्या. तुमचा वेब फॉन्ट, मग अँड्रॉइडसाठी नोटो सान्स देवनागरी, विंडोजसाठी निर्मला यूआय, ॲपलसाठी कोहिनूर देवनागरी. फोन हलके असतील तर वेब फॉन्ट टाळलात तरी चालेल, नोटो वाईट नाही. ठळकची फाइल दिलेली नसेल तर ब्राउझर अक्षर स्वतःच जाड करतो आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या बुजतात. एक तर ठळकची फाइल द्या, नाही तर ठळक वापरू नका.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, भाषेची खूण. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘एमआर’ असेल तरच मराठी वळण उमटतं. शॅडो डॉममध्ये भाषा बाहेरच्या एलिमेंटवरून आत येते, पण वर्डप्रेसची किती तरी मराठी पानं सेटिंग न बदलल्यामुळे स्वतःला अमेरिकन इंग्रजी म्हणवतात. आयफ्रेममध्ये तर बाहेरचं काहीच येत नाही. म्हणून दोन्हीकडे खूण स्वतः लिहा, शॅडोत वेष्टनावर आणि आयफ्रेममध्ये एचटीएमएल टॅगवर. स्क्रीन रीडरलाही त्यावरूनच कळतं की मराठी आवाजात वाचायचं.

---

सुपारी

अक्षरवेल, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. मनापासून धन्यवाद.

---

सांजवारा

नकाशाबद्दल. लीफलेट बऱ्याच वर्षांपासून वापरतोय.

मेनूवर चढण्याचं कारण लीफलेटच्या फाइलीत लिहिलेलंच आहे. नकाशाचे थर झेड-इंडेक्सवर रचलेत: तुकडे २००, रेषा आणि आकार ४००, खुणांच्या टाचण्या ६००, पॉपअप ७००, आणि कोपऱ्यातली बटणं १०००. नकाशाच्या मुख्य डिव्हला मात्र झेड-इंडेक्स नाही. त्यामुळे हे आकडे नकाशापुरते न राहता थेट पानाशी स्पर्धा करतात. थीमच्या मेनूला १०० दिलेला असेल तर तो हरणारच. इथे शॅडो डॉम कामी येत नाही, कारण त्याने स्टॅकिंगचा वेगळा संदर्भ (झेड-इंडेक्सचे आकडे आतल्या आत ठेवणारी हद्द) तयार होत नाही. नकाशाच्या डिव्हवर ‘आयसोलेशन: आयसोलेट’ ही एक ओळ लिहा. आतले हजार आतच राहतात. मेनूचा झेड-इंडेक्स ९९९९९ करायचा सल्ला ठिकठिकाणी वाचायला मिळतो, तो कृपया घेऊ नका.

लीफलेटचं सीएसएस एकदा उघडून वाचा असं मी प्रत्येकाला सांगतो. व्होलोदिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये ही लायब्ररी बाहेर काढली, आणि परक्या पानांत राहण्याचा सगळा अनुभव त्या छोट्या फाइलीत साठलाय. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ: १००%’ लावलं की फायरफॉक्समध्ये नकाशा मोडतो अशी टीप आहे, आणि खाली ‘मॅक्स-विड्थ: नन’ इम्पॉर्टंटसकट. एसव्हीजीच्या नियमाशेजारी तर जुमला ३ मधल्या नियमाचं नाव घेऊन कारण दिलंय. इम्पॉर्टंट कुठे शोभतो ते यातून कळतं: एकाच ठिकाणी, एकाच ओळखीच्या घुसखोरासाठी, कारण लिहून.

शॅडोमध्ये नेताना एक खड्डा आहे. लीफलेटची सीएसएस फाइल शॅडोच्या आत जोडावी लागेल, मुख्य पानात नाही. पण टाचणीचं चित्र कुठे आहे ते शोधायला लीफलेट बॉडीमध्ये एक तात्पुरता डिव्ह टाकून त्याची पार्श्वभूमी वाचतं. सीएसएस शॅडोत असल्याने त्या डिव्हला काहीच लागत नाही, आणि टाचणीच्या जागी तुटलेल्या चित्राची खूण दिसते. डीफॉल्ट आयकॉनचा ‘इमेजपाथ’ स्वतः लिहून दिला की झालं.

---

कोरी पाटी

हे सगळं तपासायचं कसं? प्रत्येक वाचनालयाची साइट उघडून बघत बसणार का?

---

घाटमाथा

त्यासाठी मी एक भांडखोर पान करून ठेवतो. एचटीएमएलला १० पिक्सेल. बॉडीला मजकूर मध्यभागी, ओळीची उंची १, रंग भडक गुलाबी. तारांकनाला अक्षरांतलं अंतर चार पिक्सेल आणि ‘बॉक्स-साइझिंग: कंटेंट-बॉक्स’ इम्पॉर्टंटसकट. सगळ्या बटणांना जाड लाल बॉर्डर. चित्रांना ‘हाइट: ऑटो’. टेबल, यादी, शीर्षकं यांना आयडीच्या वजनाचे विचित्र नियम. वर चिकटणारा मेनू, झेड-इंडेक्स १. आणि पानाची भाषा मुद्दाम इंग्रजी. विजेट या पानात टाकायचं आणि कोऱ्या पानात टाकायचं, दोन्हींचे स्क्रीनशॉट जुळले पाहिजेत. उलट बाजूही तपासा: भांडखोर पानावरचं त्यांचं स्वतःचं टेबल विजेट टाकण्याआधी आणि नंतर सारखंच दिसलं पाहिजे.

---

अडकित्ता

हे पटलं. आमच्याकडच्या एका जुन्या विजेटला असं पान लावून बघतो. एक भर घालतो: वर्डप्रेसमध्ये कोड थेट लेखात चिकटवला तर रिकामे परिच्छेद आणि ब्रेक आपोआप घुसतात, आणि कमी अधिकारांच्या खात्यातून टाकलेला स्क्रिप्ट टॅग बहुधा गाळला जातो. वाचनालयाच्या माणसाला ‘कस्टम एचटीएमएल’ ब्लॉक वापरायला सांगा, तेही ॲडमिनच्या खात्यातून. नाही तर सीएसएसचा दोष नसताना सीएसएसवर शोध सुरू होतो.

---

नदीकाठ

सगळ्यांचे आभार. जे केलं ते लिहितो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

वर्गणीचा अर्ज आमच्या डोमेनवरच्या आयफ्रेममध्ये गेला. यादी, शोधपेटी आणि नकाशा शॅडोत. वेष्टनावर ‘ऑल: इनिशियल’, भाषेची खूण, फॉन्टची यादी, ओळीची उंची १.६, सगळी मापं एममध्ये. यजमानासाठी तीनच व्हेरिएबल उघडी ठेवली: मुख्य रंग, पार्श्वभूमी आणि कोपऱ्यांची गोलाई. वेब फॉन्ट काढून टाकला. बूटस्ट्रॅपवाल्या साइटवर अक्षर आता नीट दिसतं, टेलविंडवर ठिपके परत आले, आणि नकाशा मेनूखालून शहाण्यासारखा सरकतो. ‘ल’चं मराठी वळण दिसल्यावर एका ग्रंथपाल काकूंनी आवर्जून फोन केला. काय बदललं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण यादी आपली वाटते म्हणाल्या.

दोन गोष्टी अजून अडल्यात. एका वाचनालयाच्या पानावर आधीपासून ‘पुस्तक शोधा’ असं लेबल आहे, ते आमच्या शोधपेटीला जोडता येत नाही. आणि त्याच साइटवर कळफलकाचे शॉर्टकट आहेत. वाचक आमच्या पेटीत ‘एस’ची कळ दाबतो आणि त्यांचा स्वतःचा शोध उघडतो. पूर्वी असं होत नव्हतं.

---

घाटमाथा

दोन्ही शॅडोच्या सीमेचे परिणाम आहेत.

लेबलचं ‘फॉर’ एकाच झाडातली आयडी शोधतं, सीमेपलीकडची त्याला सापडत नाही. ‘एरिया-लेबल्डबाय’चंही तसंच. शोधपेटीचं लेबल शॅडोच्या आतच ठेवा. त्यांचं बाहेरचं लेबल नुसतं शीर्षक म्हणून राहू दे.

शॉर्टकटचं कारण असं: त्यांची स्क्रिप्ट बहुधा तपासते की कळ इनपुटमध्ये दाबली का, आणि असेल तर गप्प बसते. शॅडोतून बाहेर आलेल्या घटनेचं ‘टार्गेट’ मात्र तुमचा बाहेरचा डिव्ह दिसतं, आतली पेटी नाही. स्क्रिप्टला वाटतं वाचक पानावर कुठे तरी आहे. वेष्टनावर ‘कीडाउन’, ‘कीप्रेस’ आणि ‘कीअप’ या घटना ऐका आणि त्या पेटीतून आल्या असतील तर ‘स्टॉप प्रोपगेशन’ करा. ‘प्रिव्हेंट डीफॉल्ट’ करू नका, टाइप करणंच बंद पडेल. एस्केप आणि टॅब या कळा मात्र तशाच जाऊ द्या.

---

पाणवठा

त्यांच्या स्क्रिप्टने घटना ‘कॅप्चर’ टप्प्यात पकडली असेल तर ती तुमच्या वेष्टनापर्यंत येण्याआधीच त्यांच्या हाती लागते, मग वरचा उपाय चालणार नाही. तसं असेल तर त्यांच्या स्क्रिप्टमध्ये ‘टार्गेट’ऐवजी ‘कंपोज्ड पाथ’मधला पहिला घटक तपासायला सांगावं लागेल. एका ओळीचा बदल आहे, आणि शॅडो ‘ओपन’ ठेवला असेल तरच आतली पेटी त्यांना दिसेल. तुमचा ‘ओपन’च आहे ना?

---

नदीकाठ

हो, ‘ओपन’च आहे. वेष्टनावर थांबवून बघितलं, शॉर्टकट बंद झाला, टॅब आणि एस्केप चालतायत. लेबल आत घेतलं. भांडखोर पानात आता शॉर्टकटची स्क्रिप्टही घातली आहे.